सरांचा स्वावलंबन सप्ताह

एखाद्या माणसाचा राग येणं वेगळं आणि एखादा माणूस मनातून उतरणं वेगळं. राग चार दिवसांत जातो. मनातून उतरलेला माणूस मात्र पुन्हा चढवता येत नाही, कितीही ओढा. आमच्या शेजारच्या शेतातले सर काही एकदम उतरले नाहीत. नऊ वर्षं ते एकेक पायरी उतरत होते, आणि शेवटच्या पायरीला आले तेव्हा मी सुटले. कुणी म्हणेल, म्हातारी कुचकट आहे. आहेच मी. जळकोट तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स म्हणून माझं आयुष्य गेलं. ताप नसताना कण्हणारे आणि ताप असून कामाला जाणारे, दोन्ही मी रोज पाहिले. त्यामुळं ढोंग मला बांधावरूनच ओळखू येतं.

गावात मला सगळे सिस्टर म्हणत. निवृत्त झाल्यावरही मी तिथंच राहिले, कारण माझ्या मालकांनी हयातीत घेतलेली दोन एकर जमीन तिथं होती. मालक गेले, मुलगा नांदेडला नोकरीला लागला, आणि मी आणि माझी दोन एकरं एकमेकांना सांभाळत राहिलो. तेवढ्यात शेजारची पाच एकरं लातूरच्या एका सरांनी घेतली.

सर लातूरला मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. माझा मुलगाही त्यांच्याकडं दोन वर्षं होता. पाठ करण्याच्या युक्त्या ते फार छान सांगायचे म्हणे. मग एक दिवस त्यांना साक्षात्कार झाला की जगात जे जे पाकिटातून येतं ते विष आहे. क्लास सोडला, बायकोला घेऊन आमच्या शिवारात आले, मातीचं घर बांधलं आणि जाहीर केलं की यापुढं आपल्या घरात बाजाराचं काही येणार नाही आणि आपण कुणाकडं काही मागणार नाही. अंगात जाडाभरडा सदरा, पायात टायरच्या वाहाणा, खांद्याला झोळी. केमिस्ट्री शिकवून घर बांधलेला माणूस ‘केमिकल’ हा शब्द उच्चारताना तोंड तसं करायचा जसं आमच्याकडं लहान पोरं एरंडेल घेताना करायची.

त्यांची एक सवय सांगते. काहीही हातात देताना ते ती वस्तू सोडत नसत. समजा शेंगदाण्याचं तेल दिलं. बाटलीचं एक टोक तुमच्या हातात, एक त्यांच्या. मग म्हणणार, “हे घरचं आहे.” आणि तुमच्या तोंडाकडं बघत थांबणार. तुम्ही ‘वा’ म्हटल्याशिवाय बाटली सुटायची नाही. मी एकदा मुद्दाम गप्प राहिले. आम्ही दोघं एक बाटली धरून किती तरी वेळ उभे होतो. शेवटी माझाच हात दुखायला लागला आणि मी ‘वा’ म्हणून मोकळी झाले.

दुसरं त्यांचं पालुपद होतं, “माणसाला लागतं तरी काय?” हे ते बाजेवर बसून म्हणत. त्या वेळी त्यांची बायको महानंदा विहिरीवरून पाणी आणत असे, नाही तर जात्यावर दळत असे, नाही तर गोठ्यात असे. माणसाला काय लागतं ते मला सांगता यायचं नाही. सरांना महानंदा लागायची.

महानंदा उदगीरकडची. तिकडच्या बोलीत कानडीचा शिडकावा असतो, त्यामुळं मी तिची पहिल्या दिवसापासून अक्का झाले. बारीक अंगाची, भराभर चालणारी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. तिला कधी भाषण करताना मी ऐकलं नाही. तिला वेळच नव्हता.

सर आले त्याच आठवड्यात मी शेजारधर्म म्हणून त्यांना चहाला बोलावलं. कप पुढं केला तर त्यांनी तो वासासाठी नाकाजवळ नेला आणि परत ताटलीत ठेवला. “ताई, आम्ही बाहेरचं घेत नाही.” आम्ही बौद्ध. आमच्या घरचा कप कुणी परत ठेवला की त्याचा अर्थ आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. पण पुढं कळलं की ते पाटलाच्या घरीही घेत नाहीत, स्वतःच्या भाऊबंदांकडंही नाही, आणि लग्नाच्या पंगतीत घरची भाकरी फडक्यात बांधून नेतात. एवढी एक समता त्यांच्यात होती, ती मी मान्य करते.

चहा ठेवून दिल्यावर त्यांनी मला साखर या विषयावर व्याख्यान दिलं. मी ऐकून घेतलं. मनात मात्र माझी आई होती. आमच्याकडं गुळाचा चहा असायचा, तो काही तत्त्व म्हणून नव्हे. साखर परवडत नव्हती म्हणून. दात राखुंडीनं घासायचो, भांडी राखेनं, केस काळ्या मातीनं धुवायचो. सगळं घरचं. मी नर्सिंगला लागल्यावर पहिल्या पगारात आईला एक साबणाची वडी आणि पावडरचा डबा नेला, तर तिनं ती वडी सहा महिने लुगड्यांच्या घडीत ठेवली होती, वासासाठी. सरांना हे सांगावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी त्यातूनही काही तरी बोध काढला असता.

त्यांच्या साबणाचं आता सांगितलंच पाहिजे. कॉस्टिक सोडा म्हणजे बाजार, म्हणून त्यांनी चुलीच्या राखेचं पाणी निथळून साबण करायला घेतला. महानंदा दोन दिवस कढई ढवळत होती. झाला तो पिठल्यासारखा. सर म्हणाले, मुरू द्या. महिना झाला, दोन महिने झाले, साबण मुरेना. तो त्यांनी करवंटीत भरून गावभर वाटला, प्रत्येक करवंटी धरून, ‘वा’ वसूल करून. माझ्या ओट्यावर ठेवलेली करवंटी गल्लीतल्या कुत्र्यानं चाटली आणि ते कुत्रं पुन्हा माझ्या दारी आलं नाही. मुलगा दिवाळीला आला तेव्हा मी त्याला दाखवलं. तो हसत सुटला. म्हणाला, “आई, राखेच्या पाण्याचा साबण घट्ट होतच नसतो. हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं.”

आणि विरजण. सरांच्या घरी दर वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधे पाहुण्यांचा आठवडा असायचा. दारावर कापडी फलक लागायचा: स्वावलंबन सप्ताह. लातूरचे, नांदेडचे, क्वचित पुण्याचे दहा-पंधरा जण यायचे. कुणी जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील, कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी घरात कंटाळलेले. सोमवारी लोणी काढणं, मंगळवारी जात्यावर दळण, बुधवारी साबण, पुढं तीळ-कारळाचं कूट, उटणं, सीताफळाची रबडी, असा कार्यक्रम. सर सांगायचे, महानंदा करायची, पाहुणे फोटो काढायचे. ताक घुसळायच्या वेळी सर गाडगं उचलून म्हणायचे, “या घरात आलो त्या दिवशीचं हे विरजण. अखंड. एकदाही तुटलेलं नाही.” पाहुणे गाडग्याला हात लावून हात जोडायचे. मी बांधापलीकडं उभी राहून ऐकायची. ते विरजण वर्षातून चार वेळा तरी मोडायचं, आणि मोडलं की महानंदा पदराखाली वाटी घेऊन माझ्याकडं यायची. “अक्का, थोडं विरजण द्या की. आमचं फाटलं.” माझं विरजण कुठलं? जळकोटच्या दुकानातल्या पिशवीच्या दुधाचं. नांदेडच्या बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी ज्याला हात जोडले ते दैवत पिशवीतून आलं होतं.

मी एकदा तिला विचारलं, “सांगत का न्हाईस त्यांना?”

ती वाटी झाकत म्हणाली, “सांगून काय होतंय अक्का. त्यांचं तोंड पडंल, अन् मलाच पुन्हा उचलून बसवावं लागंल.”

महानंदा फुकट काही नेत नसे. वाटी नेली की चार दिवसांनी माझ्या रानात कोळपणीला, नाही तर खुरपणीला, दुपारचा तासभर येऊन जायची. तसंच पलीकडच्या रानातल्या रुखमिणबाईकडं, तसंच खालच्या आळीला. सरांना वाटायचं ती रानात गवत आणायला गेली आहे. आमच्याकडं याला सावड म्हणतात. आज तुम्ही माझ्या रानात या, उद्या मी तुमच्या रानात येते. त्यात पैसा नाही, वही नाही, पण दिवस मात्र कुणी विसरत नाही. घेतलेला दिवस न फेडणाऱ्या माणसाकडं पुढल्या सुगीला कुणी बघत नाही. सरांनी आयुष्यभर गावं बाहेरून पाहिलेली. त्यांना वाटलं, पूर्वीचा शेतकरी एकटाच सगळं करायचा. एकटा माणूस गावात कधीच जगला नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. कुणी सावडीला बोलवायला आलं की ते नमस्कार करून म्हणायचे, “आम्ही कुणाचं घेत नाही, त्यामुळं द्यायचाही प्रश्न येत नाही.” हे बोलून झाल्यावर चेहरा असा, की समोरच्याला वाटावं आपल्यावर उपकार झाले.

मीठ मात्र घरी करता येत नाही. ते झोळीत यायचं, जनावरांच्या नावानं.

आता त्या वर्षाचं सांगते. पाचातल्या दोन एकरांत महानंदा हट्टानं सोयाबीन लावायची. सर त्याला बाजाराचं पीक म्हणत, त्याकडं ढुंकून बघत नसत. पण त्यांची एकुलती लेक लातूरला वसतिगृहात राहून शिकत होती आणि तिचं सगळं त्या सोयाबीनवर निघायचं. पाहुण्यांना हे ठाऊक नव्हतं. पाहुण्यांना लेक ‘प्रयोगासाठी’ लातूरला आहे एवढंच सांगितलेलं होतं.

सप्ताह सोमवारी सुरू होणार. शनिवारी सोयाबीनची कापणी उरकली आणि रानात बनीम लागली. बनीम म्हणजे कापलेल्या पिकाचा मोठा ढीग. आता मळणीयंत्र येईपर्यंत ती कोरडी ठेवायची. शिवारात ज्यांची ज्यांची कापणी झाली होती त्यांच्या बनमींवर ताडपत्र्या पडल्या. सरांची उघडी. ताडपत्री म्हणजे प्लास्टिक. त्यांनी वर कडब्याच्या चार पेंढ्या अंथरल्या आणि हात झटकले.

रविवारी दुपारी ते जीप घेऊन पाहुण्यांना आणायला उदगीरच्या स्टेशनला गेले. ते गेले आणि तासाभरात अहमदपूरच्या बाजूनं आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस सोयाबीनला काय करतो ते आमच्याकडच्या पोरालाही कळतं. दोन दिवस भिजलं की शेंगेतच मोड येतात आणि दाणा काळा पडतो.

मी ओट्यावर होते. महानंदा अनवाणी धावत आली. इतकी वर्षं ती पदराखाली वाटी घेऊन येत होती. त्या दिवशी हात मोकळे होते आणि आवाज मोठा.

“अक्का, ताडपत्री द्या. अन् तुमी बी चला. मी सावड धरते. एक दिवस तुमचा, आई शपथ फेडते.”

“सर?”

“ते नाहीत म्हणूनच आले.”

माझं पीक अजून उभं होतं, म्हणून ताडपत्री मोकळी होती. दिली. ती पुढं रुखमिणबाईकडं गेली, मग आणखी पाच घरं. रुखमिणबाईनं आपल्या लहान बनमीवर जुन्या साड्या टाकून ताडपत्री हिच्यासाठी काढली. गावातल्या मळणीयंत्रवाल्या रसूलभाईनं यंत्र आणलं. तो दुसऱ्याच्या रानात निघाला होता, पण वाट वळवून आला. यंत्र लावत म्हणाला, “भाबी, घाबरू नका. होता होईल तेवढं काढू, बाकीचं झाकू.” सात घरची माणसं तीन तास खपली. मी साठी उलटलेली बाई, मीही पोत्यांची तोंडं शिवत होते. निम्मी रास पोत्यांत भरून घरात गेली आणि निम्म्या बनमीवर सात ताडपत्र्या बांधून झाल्या, तेव्हा पहिले थेंब पडले. तिन्हीसांजेला पाहुण्यांची जीप आली ती धो धो पावसात.

महानंदानं प्रत्येकाला दारापर्यंत पोचवलं आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, “उद्यापासनं फेडते. पहिला दिवस रुखमिणबाईचा.” सगळ्यांची कापणी पुरी नाही तर अर्धी तरी बाकी होती. दिलेला दिवस त्याच आठवड्यात परत मिळाला तरच त्याला अर्थ होता. दिवाळीनंतर आलेली सावड कोण घेऊन काय करणार?

सोमवारी सकाळी उघडीप पडली. माझं कापायला घ्यायचं होतं, म्हणून मी ताडपत्री आणायला निघाले. सरांच्या अंगणात लिंबाखाली पंधरा जण सतरंजीवर बसून काढा पीत होते. सर उभे होते. फलक लागला होता. मी बांधावर पोचले तेव्हा ते म्हणत होते, “काल केवढा पाऊस झाला, तुम्ही पाहिलात. या घराला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. निसर्गाशी जुळवून घेतलं की माणसाला लागतं तरी काय?”

मी बनमीकडं पाहिलं. वर कडब्याच्या पेंढ्या पुन्हा नीट रचलेल्या. ताडपत्री एकही नाही. मला वाटलं, बाईनं पहाटेच सगळ्यांच्या पोचवल्या. तेवढ्यात सर माझ्याकडं आले, मला गोठ्याच्या आडोशाला नेलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “ताई, ताडपत्री सप्ताह झाल्यावर पाठवतो. पाहुण्यांसमोर नको.”

गोठ्यामागं सातही ताडपत्र्या घड्या घालून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर उकिरड्यातलं गवत पसरलं होतं.

मी तीस वर्षं बाळंतपणं केली. दारू पिऊन आलेले नवरे पाहिले, बायकोला टाके घालत असताना बाहेर पत्ते खेळणारे पाहिले. त्या कुणाकडं बघून मला इतकी किळस आली नव्हती. त्यांना निदान आपण काय आहोत ते माहीत होतं. मी म्हटलं, “सर, रुखमिणबाईची बनीम साड्यांखाली आहे. आभाळ पुन्हा येतंय.” ते म्हणाले, “हो, पण एक आठवडाच तर आहे.” आणि मागं वळून पाहुण्यांकडं बघून हसले.

महानंदा गोठ्यात शेण काढत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हात धुतले. गवत बाजूला केलं. एक ताडपत्री डोक्यावर घेतली, दुसरी काखेत मारली आणि अंगणातून, सतरंजीच्या अगदी कडेनं, चालायला लागली. निळं झगझगीत प्लास्टिक. पंधरा माणसांनी काढ्याचे कुल्हड खाली ठेवले. ती परत आली, आणखी दोन नेल्या. तिसऱ्या खेपेला सर आडवे आले.

“महानंदा, हे काय चाललंय? स्वयंपाकाचं बघ. लोणी काढायची वेळ झाली.”

“मी सावड फेडायला चाललेय,” ती म्हणाली. “सात घरची मानसं काल आपल्या रानात राबली. सात दिस लागतील. पीठ दळून ठेवलंय, गाडग्यात दही हाय. तुमी करून घ्या.”

“आणि हे लोक?”

“त्यांना बी घेऊन या की. विळे लई हायत गावात.”

ती भांडली नाही, रडली नाही. शेवटची ताडपत्री माझ्या हातात देऊन म्हणाली, “अक्का, तुमचा दिवस शेवटी धरते, तुमचं रान जरा वलं हाय.” आणि रुखमिणबाईच्या रानात गेली.

पुढचे पाच दिवस सरांच्या अंगणात काय झालं ते मी बांधावरून पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, आवडीनं पाहिलं. सोमवारचं लोणी निघालंच नाही. रवीची दोरी कोणत्या हातानं ओढायची यावर चर्चा झाली. मंगळवारी दोन पाहुण्या बायकांनी भाकरी थापायचा प्रयत्न केला आणि धुरानं डोळे पुसत बाहेर आल्या. बुधवारचा साबण सरांनी तोंडी घेतला. गुरुवारी नांदेडच्या बँकेतले साहेब फिरत फिरत आम्ही कापत होतो त्या रानात आले. बायकांच्या पाती, म्हणजे कापणीच्या ओळी, चालल्या होत्या, कुणाचं तोंड वर नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, “मॅडम, हीसुद्धा सरांचीच कार्यशाळा आहे का?” मी म्हटलं, “न्हाई साहेब, ही त्यांच्या बायकोची हाय. विळा घेता का?” ते हसले आणि गेले. शुक्रवारी दुपारी जीप भरून उदगीरला गेली. फलक मात्र तसाच होता.

महानंदा रोज उजाडताना रानात यायची आणि दिवस मावळता घरी जायची. एका घरचाही दिवस तिनं अर्धा केला नाही. दुपारी भाकरीला बसलं की बायका तिला आपल्यातलं भाकरीबरोबरचं कोरड्यास वाढायच्या आणि ती घ्यायची. नऊ वर्षांत उजेडात दुसऱ्याच्या हातचं खाताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी माझं रान. सातवा दिवस. सगळ्या घरच्या बायका आल्या होत्या, कारण माझं म्हातारीचं काम. दहाच्या सुमाराला बांधावर सर दिसले. हातात नवा कोरा विळा. रुखमिणबाई पुटपुटली, “आता ह्यो काय सांगतोय बगा.” पण सर वाहाणा काढून खाली उतरले आणि महानंदाच्या शेजारच्या पातीला लागले.

मी कबूल करते, त्या क्षणी मला वाईट वाटलं. वाटलं, आता या माणसाला नावं ठेवायची सोय राहिली नाही. मन घट्ट करून मी कापत राहिले.

सोयाबीन जमिनीलगत कापायचं असतं, नाही तर खालच्या शेंगा रानातच राहतात. सर गुडघ्याच्या उंचीवर कापत होते आणि मधली मधली झाडं सोडत होते. महानंदा आपली पात संपवून मागं यायची, त्यांनी सोडलेलं सगळं पुन्हा कापायची आणि पुढं जायची. साडेबाराला त्यांनी तळहात पाहिला. दोन फोड आले होते. ते बांधावर जाऊन बसले, थोडा वेळ हाताकडं बघत राहिले, मग घरी गेले.

संध्याकाळी सगळं रान साफ झालं. बायका निघाल्या तशी मी हिशेबाला बसले, कुणाचा दिवस झाला, कुणाचा राहिला. महानंदाचे सातही झाले होते. माझ्यातही कुठं तरी दया शिल्लक असणार. मी म्हटलं, “आणि सरांचाही आज एक दिवस धरू. म्हणजे गावाकडं तुझा एक जमा राहील.”

महानंदा विळा गवतानं पुसत होती. ती थांबली.

“नको अक्का. त्यांचा धरू नका.”

“अगं, आले तरी ते.”

“अर्धा बी नको. त्यांचं कापलेलं मी पुन्हा कापलंय.” तिनं विळा कमरेला खोचला. “उद्या येतील, पुरा दिवस करतील, मंग धरा.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते मला फार लागलं. मी नऊ वर्षं बांधावर बसून त्या माणसाला हसत होते. तिनं त्याला एकदा नीट मापलं आणि माप सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमिणबाईच्या रानात रास, म्हणजे मळणी, होती. महानंदा तिथं गेली, कारण आता तिला जायला कुणाची परवानगी लागत नव्हती. माझी मळणी रसूलभाईवर सोपवून मी मुलाकडं नांदेडला निघाले होते, दिवाळी करून पुढं तिथंच राहायचं ठरलं होतं. पिशवी घेऊन एसटीच्या फाट्याकडं चालले तर वाट सरांच्या अंगणावरून जाते. सर फलकासमोर उभे होते. फोन तिवईवर लावलेला. त्यांनी दोन्ही तळहात फोनच्या पुढं धरले होते, फोड नीट दिसतील असे, आणि सांगत होते, “ही सावडीची खूण आहे. आपल्या पूर्वजांची ही परंपरा या घरानं पुन्हा जिवंत केली.”

मी फाटकाशी थांबले. त्यांनी मला पाहिलं नाही. तेवढ्यात महानंदा रुखमिणबाईच्या रानातून भुसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली आणि अंगणात शिरली. ती नेमकी त्यांच्या मागून फोनमध्ये येत होती. बोलणं न थांबवता सरांनी एक तळहात हलवून तिला बाजूनं जायची खूण केली. ती बाजूला झाली नाही. सरळ त्यांच्या आणि फोनच्या मधून गेली, गाठोड्याच्या धक्क्यानं तिवई पडली, आणि ती मागं न बघता गोठ्यात गेली. सर खाली वाकून फोन शोधत होते. समोर फाट्यावर माझी एसटी आली.